अर्ध्या पंखाची परी

तेरडवाडीत भिंती बोलायच्या. एकच भिंत मुकी होती, आणि ती रुंजीच्या घराची होती.

त्या गावाची रीतच तशी होती. नवी नवरी घरात यायची असली की दाराच्या उजव्या हाताची भिंत गेरूने लालचुटूक सारवायची आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाने चित्र काढायचं. दोन पोपट, एक तुळस, पाच कमळं. आजीच्या लग्नात तेच आणि नातीच्या लग्नातही तेच. पोपटांना कंटाळा आला असेल का, हे कुणी पोपटांना कधी विचारलं नव्हतं.

हे चित्र सगळ्यांत देखणं काढायची रुंजीची आई, सगुणा. तिने काढलेल्या पोपटांखाली गावातली मांजरं तासन् तास वर बघत बसायची. पण रुंजी पाच वर्षांची असताना नदीला पूर आला आणि तिचे बाबा त्यातून परत आले नाहीत. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नाला सगुणा कुंचला घेऊन गेली, तेव्हा पाटलीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तू बस गं निवांत. आम्ही काढतो."

इतकंच. कुणी भांडलं नाही, कुणी रागावलं नाही. बसायला पाटसुद्धा दिला. जिचा नवरा गेला, तिचा हात लग्नाच्या भिंतीला लागू द्यायचा नाही, अशी ती रीत. आणि अशा रीती नेहमी गोड आवाजातच सांगतात.

सगुणा घरी आली. तिने कुंचला आढ्यात उंच खोचून ठेवला, घराची भिंत सारवली आणि कोरी सोडली. त्या दिवसापासून ती कामापुरतंच बोलायची. "जेव." "झोप." "पानं आण."

पानं म्हणजे पळसाची पानं. मायलेकी रानातून ती आणायच्या, काड्यांनी टाचून पत्रावळी करायच्या आणि त्यांच्या बदल्यात नाचणी मिळवायच्या. कधी भाकरी दोन व्हायच्या, कधी एक. एक झाली की सगुणा म्हणायची, "मला भूक नाही." रुंजीला ते खोटं कळायचं, पण ते खोटं इतकं प्रेमाचं होतं की पकडवत नसे.

रुंजी आता आठ वर्षांची होती. पत्रावळ टाचता टाचता तिचं बोट आपोआप ओल्या मातीत बुडायचं आणि पानामागे काहीतरी काढायचं. शेपटीवाला डोंगर. डोळे मिटलेला मासा. पाय फुटलेली पणती.

"हे काय गं?" सगुणा विचारायची.

"मला नाही माहीत. बोटाला माहीत."

त्यावर सगुणा बोटाकडे बघत राहायची. मग वर आढ्याकडे बघायची. मग पुन्हा कामाला लागायची. रुंजीला जगात एकच गोष्ट हवी होती. आईने तो कुंचला एकदा खाली काढावा.

चैत्रातल्या एका सकाळी रुंजी रानात गेली. पळसाला शेवटची फुलं उरली होती, केशरी, शेंदरी, जणू इवल्या इवल्या पणत्या. पानांतून उन्हाच्या टिकल्या गळत होत्या. एका झाडाच्या खोडातून लालभडक डिंक ओघळला होता, आणि त्या डिंकातून आवाज आला.

"बघत काय राहिलीस? तेल आण, तेल!"

रुंजी दचकून मागच्या मागे बसलीच. डिंकात अंगठ्याएवढी परी चिकटली होती! केस चंदेरी धाग्यांचे, झगा चिमणीच्या अंड्यासारखा फिकट निळा, आणि चेहरा चांगलाच रागावलेला. तिचा उजवा पंख डिंकात रुतला होता. मोरपिशी, जांभळा, सोनेरी, श्वास घेतला की रंग बदलणारा. डावा पंख मात्र अर्धाच होता! मध्यावर रंग संपलेला, पुढे नुसती पांढरी रेघ, आणि ती रेघही हवेत सुटून गेलेली.

"माझ्याकडे तेल नाही गं," रुंजी म्हणाली.

"मग आहे काय तुझ्याकडे?"

रुंजीने फडकं सोडलं. चतकोर भाकरी आणि तिच्यावर लसणीची चटणी. चटणीवर थेंबभर तेल तरंगत होतं. दिवसभराचं जेवण ते एवढंच. रुंजीने एकदा भाकरीकडे पाहिलं, एकदा परीकडे, आणि ते तेल अलगद बोटावर घेऊन डिंकावर चोळलं.

"आई गं! तिखट! तिखट आहे हे!" परी किंचाळली. ती सात वेळा शिंकली आणि सातव्या शिंकेला सुटली. मोरपिशी पंखाच्या टोकाला चटणीचा लालबुंद ठिपका तेवढा राहिला.

"चुकलं का माझं?" रुंजीने घाबरत विचारलं.

"तुझं नाही. मला ज्या कुणी काढलं, तिचं चुकलं. अर्ध्यावर सोडून उठून गेली! सरळ उडायला जावं तर मी वाकडी जाते, आणि अशी कशाकशाला चिकटते." परीने उरलेल्या कोरड्या भाकरीकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझं जेवण मी पंखाला लावलं, होय ना? थांब हं."

तिने टाळी वाजवली. वरून पळसाच्या तीन कळ्या गिरक्या घेत रुंजीच्या ओंजळीत पडल्या. प्रत्येक कळीत पापणीवरच्या आसवाएवढा रंग लुकलुकत होता.

"ही तीन चित्रं. ज्याला देशील त्याचं ती काहीतरी चांगलं करतील. पण नियम आहेत. पहिला नियम, डोळे मिटून काढायचं. डोक्याने ठरवून काढलंस तर रंगाचं पाणी होईल. दुसरा, चित्राचा अर्थ तू सांगायचा नाहीस. ज्याचं चित्र, त्यालाच तो कळेल. आणि तिसरा नियम, चित्र स्वतःसाठी नाही, आणि आपल्या घरच्या माणसासाठीही नाही."

रुंजीचा चेहरा पडला. "पण मला तर आईसाठीच एक हवं होतं. फक्त एकच."

"ठाऊक आहे."

"मग याचा मला काय उपयोग?"

"तुला नाहीच," परी म्हणाली. "म्हणून तर तुझ्या हाती देतेय." आणि ती वाकडी-तिकडी उडत, दोन फांद्यांना धडकत, दिसेनाशी झाली.

रुंजी गावात आली, तर वाटेवर आपल्या दारात बसलेले गेनूआजा कुंभार भेटले. गेनूआजा सगळ्यांशी खेकसूनच बोलायचे. तरी आज रुंजीचा उतरलेला चेहरा पाहून त्यांनी तिला मूठभर फुटाणे दिले, अर्थात खेकसूनच. "घे. बघत काय बसलीस?"

रुंजीला वाटलं, पहिलं चित्र यांनाच द्यावं. तिने रानातून आणलेलं एक पान मांडीवर घेतलं, कळीत बोट बुडवलं, डोळे मिटले. बोट थरथरलं, वळलं, थांबलं. तिने डोळे उघडले, तर पानावर एक चप्पल होती. एकटी, निळी, दाराकडे तोंड करून ठेवलेली.

"कुंभाराला चप्पल?" गेनूआजा ओरडले. "मडकं काढायचं, चाक काढायचं! चप्पल कशाला?"

"मला नाही माहीत, आजा."

आणि एवढ्यात ती चप्पल पानावरून टुणकन खाली उतरली. निळ्या प्रकाशाचे ठसे उमटवत, पटक पटक पटक, ती खालच्या गावाच्या वाटेला लागली. रुंजीच्या तोंडातला फुटाणा तोंडातच राहिला. गेनूआजांचा चेहरा मात्र ओल्या मातीसारखा ढासळला. ते घरात धावले, माळ्यावरून फडक्यात बांधलेल्या दोन जुन्या चपला घेऊन आले आणि निळ्या ठशांमागे पळत सुटले. साठीचे गेनूआजा पळताना गावाने पहिल्यांदाच पाहिले.

संध्याकाळी ते परतले, तेव्हा सोबत त्यांचा मुलगा होता. मडकी घडवायची नाहीत, विणकाम शिकायचं म्हणाला म्हणून त्यांनी त्याला सहा वर्षांपूर्वी घालवून दिलं होतं. तो अनवाणीच गेला होता. चपला दारात राहिल्या होत्या.

"तुला कुणी सांगितलं होतं गं हे?" गेनूआजांनी विचारलं. त्या दिवशी ते खेकसले नाहीत.

"कुणीच नाही," रुंजी म्हणाली. तिची तिलाच भीती वाटली. इतके दिवस तिला वाटायचं, आपलं बोट खेळतंय.

चार दिवसांनी पाटलांच्या घरी सून येण्याचा दिवस उजाडला. पाटलीणबाईंनी शंभर पत्रावळी सांगितल्या होत्या. भिंत सारवून झाली होती, पोपट, तुळस, कमळं सगळी हजर होती. गावच्या रिवाजाप्रमाणे वऱ्हाड वेशीवरच्या मारुतीच्या पारावर थांबलं. दिवस मावळायच्या आत नवरीने भिंतीला कुंकवाचं बोट लावून घरात शिरायचं, तोच मुहूर्त.

पत्रावळींची चळत डोक्यावर घेऊन रुंजी पारापाशी आली. नवरी, तिचं नाव वेणू, गर्दीच्या मधोमध बसली होती आणि तरी एकटी होती.

"मान खाली घाल गं," एक बाई म्हणाली.

"अगं, जरा वर तर बघ, तोंड दिसू दे!" दुसरी म्हणाली.

बिचारी वेणू मान अर्ध्यावर धरून बसली. नवरदेव फेटा सांभाळण्यात गुंतले होते. वेणूच्या ओठांना कोरड पडली होती, आणि ते इतक्या माणसांत एकाही माणसाला दिसलं नव्हतं. रुंजीला दिसलं. तिने पानाचा द्रोण केला, मारुतीच्या रांजणातलं पाणी आणून दिलं, आणि तिथेच बसून दुसऱ्या कळीत बोट बुडवलं.

डोळे उघडले तर पानावर एक जाडजूड कुलूप होतं, आणि किल्लीच्या भोकातून भोपळ्याचा वेल बाहेर आला होता.

"शुभकार्यात कुलूप!" बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली.

वेणूने ते पाहिलं, आणि ती हसली. गालात नाही, पदराआड नाही, चांगली खळखळून! नवी नवरी अशी हसलेली तेरडवाडीने पाहिली नव्हती, मारुतीनेसुद्धा नसावी. तेवढ्यात वेल पानातून सळसळत बाहेर आला, वेणूच्या मनगटाभोवती हिरव्या बांगडीसारखा वळला, आणि त्याला टपोरं पिवळं फूल आलं. त्या कुलपात काय होतं ते वेणूने कुणाला सांगितलं नाही. पण त्यानंतर तिने मान आपल्याला हवी तशी धरली.

"बाजूला व्हा!" पाटलीणबाई सुनेची ओटी भरायला आल्या होत्या. नाकात ठसठशीत नथ, अंगावर जरीचा शालू, आणि आवाज गोड. "रुंजी, बाळा, हे सगळं तुझं होय? मग माझंही एक काढ. छानसं, भरगच्च. मोर नाहीतर सोन्याचा कलश, असं काहीतरी."

रुंजीने तिसरी कळी घट्ट धरली. ही शेवटची. आणि समोर कोण, तर तिच्या आईला गोड आवाजात बसवणाऱ्या पाटलीणबाई.

तेव्हा रुंजीच्या मनात एक विचार आला. आईसाठी काढायचं नाही, हा नियम आहे. पण पाटलीणबाईंसाठीच काढायचं, आणि चित्रात मात्र आईचा हात काढायचा, कुंचला धरलेला. त्या पाहतील, त्यांना कळेल, त्या आईला बोलावतील. नियम कुठे मोडला?

तिने डोळे मिटल्यासारखे केले. एक पापणी केसभर उघडी ठेवली. बोट कळीत बुडवलं आणि मनाने ठरवून अंगठा काढला, मग पहिलं बोट. आणि तिला दिसलं, रंग पातळ होत होता. पानावरून पाण्यासारखा निथळत होता. कळीत आता थेंबभरच रंग उरला होता.

एवढा थेंबही गेला तर सगळंच गेलं. आणि आता मनापासून डोळे मिटले, तर आई त्या चित्रात येईलच असं नाही. बोट काय काढेल, कोण जाणे.

"झालं का गं?" पाटलीणबाई म्हणाल्या.

"थांबा ना काकू," रुंजी पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते डोळे घट्ट, अगदी घट्ट मिटले. बोट सोडून दिलं.

उघडले, तेव्हा पानावर आई नव्हती. कुंचला नव्हता. एक लहानशी खिडकी होती, गोठ्याला असते तशी गजांची, आणि गजांमागे दोन डोळे.

"अगंबाई," कुणीतरी म्हणालं, "हे काय भलतंच!"

पाटलीणबाईंच्या हातातलं ओटीचं ताट कलंडलं, तांदूळ पारावर सांडले. पानावरचे दोन डोळे हळूच मिटले, उघडले, आणि त्यांतून खरंखुरं पाणी पाटलीणबाईंच्या बोटांवर पडलं.

"आई," पाटलीणबाई म्हणाल्या. आवाज गोड नव्हता. लहान मुलीचा होता. "माझ्या लग्नात... माझे बाबा आधीच गेलेले. आईला पुढे येऊ दिलं नाही कुणी. ती गोठ्याच्या खिडकीतून बघत होती. मला दिसली होती ती. आणि मी..." त्यांनी नथ सावरली. "मी मान खाली घातली."

आणि मग पाटलीणबाईंनी असं काही केलं की ज्याची आठवण निघाली तर तेरडवाडीच्या बायका आजही तोंडावर हात नेतात. त्या तडक घरी गेल्या, गेरूची बादली उचलली, आणि जरीच्या शालूनिशी दोन पोपट, एक तुळस आणि पाच कमळं सपासप सारवून टाकली!

"अहो, मुहूर्त टळेल!" पाटील ओरडले.

"टळू दे," पाटलीणबाई म्हणाल्या, आणि कोपरापर्यंत लाल हातांनी रुंजीच्या झोपडीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे रुंजीही धावत आली.

सगुणा काड्या निवडत बसली होती. दारात पाटलीणबाईंना पाहून तिच्या हातातल्या काड्या सांडल्या.

"सगुणे, ऊठ. माझी भिंत कोरी आहे."

सगुणा हलली नाही. "रीत?" एवढंच म्हणाली.

"रीत मी सांगितली होती, मीच मोडतेय. पाट देऊन तुला बसवलं ना मी? आता मी बसते." आणि त्या खरोखरच जमिनीवर बसल्या. "तू येईपर्यंत सून पारावर, आणि मी इथे."

सगुणाने रुंजीकडे पाहिलं. रुंजी आढ्याकडे बघत होती. सगुणा उठली, टाचा उंचावल्या, आणि आढ्यातून कुंचला खाली काढला. तीन वर्षांची धूळ उन्हाच्या तिरिपीत सोन्यासारखी उधळली.

सगळं गाव भिंतीपुढे जमलं. वेणूही उठून आली, कुणी सांगायची वाट न बघता. सूर्य डोंगराला टेकायला आला होता.

"पोपटच काढू?" सगुणाने हळूच विचारलं.

"तुमच्या हाताला येईल ते काढा," वेणू म्हणाली. "मला पोपट नकोत. माहेरीही तेच होते."

सगुणाने डोळे मिटले. कुंचला भिंतीवरून सरकला. झगा उमटला. चंदेरी केस उमटले. मोठा उजवा पंख उमटला. मग डावा, आणि मध्यावर येऊन कुंचला अडला.

"इथेच राहिलं होतं," सगुणा जणू स्वतःशीच म्हणाली. "माहेरच्या परसात काढत होते. आठ वर्षांची होते मी. रंगांत काय खेळतेस, चूल बघ, म्हणून हाक आली. मग राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी भिंत सारवली त्यांनी."

रुंजीने दाराच्या चौकटीकडे पाहिलं. तिथे, दाराच्या वरच्या पट्टीवर, अंगठ्याएवढी परी पाय हलवत बसली होती. नुसती आपल्या अर्ध्या पंखाकडे आणि सगुणाच्या हाताकडे बघत होती.

"आई," रुंजी म्हणाली, "आज कुणी हाक मारणार नाही."

सगुणाने कुंचला पिठात बुडवला आणि पंख पुरा केला.

शेवटची रेघ जुळली तोच चौकटीवर रंगांचा फुलोरा फुटला. मोरपिशी, जांभळा, केशरी, सोनेरी! परीचा डावा पंख पाकळी पाकळी करत उमलला आणि उजव्याएवढा झाला. सगुणाने डोळे उघडले. तिच्या समोर, नाकापासून वीतभर अंतरावर, तिची स्वतःची परी तरंगत होती. सगुणाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"किती वाट बघायला लावलीस गं!" परी म्हणाली. रागावलेला चेहरा करायचा तिने प्रयत्न केला, पण जमला नाही. ती सगुणाच्या कपाळाला टेकली, रुंजीच्या बोटाच्या टोकाला टेकली, आणि मग उडाली. सरळ! अगदी सरळ, सुतासारखी सरळ, मावळत्या सूर्याकडे. तिच्यामागे प्रकाशाची एक लांबच लांब रेघ राहिली. ती विरली, तेव्हा सूर्याची शेवटची कड डोंगराआड जात होती. वेणूने घाईघाईने भिंतीला कुंकवाचं बोट लावलं आणि उंबरा ओलांडला. मुहूर्त नुकताच टळला होता, पण ते मोजायला कुणी भानावर नव्हतं.

त्यानंतर तेरडवाडीत प्रत्येक नवरीसाठी सगुणाला बोलावणं यायचं. ती नवरीला समोर बसवायची, डोळे मिटायची, आणि दोन भिंती कधी सारख्या झाल्या नाहीत. रुंजीच्या घरी रोज दोन भाकऱ्या होऊ लागल्या, कधी तीन. सगुणा रोज पोटभर जेवायची, आणि पुष्कळ बोलायची, इतकं की रुंजीला कधी कधी म्हणावं लागे, "आई, आता झोप." त्यांची स्वतःची भिंत मायलेकींनी मिळून रंगवली. तिथे शेपटीवाला डोंगर आहे, डोळे मिटलेला मासा आहे, आणि पाय फुटलेली पणती आहे, जी रोज सकाळी थोडी पुढे गेलेली दिसते.

पाटलांच्या भिंतीवरची परी अजून आहे. तिच्या उजव्या पंखाच्या टोकाला एक लालबुंद ठिपका आहे. तो सगुणाने काढलेला नाही, पावसाने जात नाही आणि पुसून पुसत नाही. गावातल्या बायका त्याला कुंकू समजून हात जोडतात. रुंजीला विचारलं, तर ती अर्थ सांगत नाही. नियम तो नियम. पण त्या भिंतीपाशी फार वेळ उभं राहिलं, की माणसाला सात शिंका येतात.